‘रोहना’ : उतारू आगबोटीची युद्धातली कारकीर्द

मद्रास, नागपट्टणम, पेनांग, सिंगापूर या मार्गासाठी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने १९२६ साली ‘रोहना’ आणि ‘राजुला’ या जोडबोटी बांधून घेतल्या. मलायातील रबराच्या मळ्यांवर जाणारे-येणारे तमिळ मजूर हा या मार्गाचा मुख्य आधार असल्याने ८,६०२ टनांच्या ‘रोहना’वर केबिनी मोजक्याच होत्या, मात्र डेकवर पथाऱ्या टाकून प्रवास करणारे पाच हजारांहून अधिक उतारू तिच्यात मावत.

माणसे दाटीने नेण्याची ही क्षमताच युद्धकाळात मोलाची ठरली आणि १९४० मध्ये सरकारने ‘रोहना’ सैन्याच्या वाहतुकीसाठी ताब्यात घेतली. नोव्हेंबर १९४३ मध्ये ब्रह्मदेश-चीन आघाडीसाठी भारताकडे निघालेले सुमारे दोन हजार अमेरिकन सैनिक अल्जीरियातील ओरान बंदरात तिच्यावर चढले. बोटीचा कप्तान ऑस्ट्रेलियन होता, तर खलाशी बहुतांशी भारतीय होते.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी अल्जीरियाच्या किनाऱ्यालगत ‘रोहना’ ज्या जहाजांच्या ताफ्यातून चालली होती त्यावर जर्मन विमानांनी हल्ला केला. विमानातून सोडल्यावर रेडिओच्या साहाय्याने लक्ष्याकडे वळवता येणारा ‘हेन्शेल २९३’ हा रॉकेटचलित बॉम्ब ‘रोहना’च्या डाव्या बाजूवर आदळला. इंजिनखोलीजवळ मोठे भगदाड पडले, स्फोटाने अनेक जीवनौका निकामी झाल्या आणि उरलेल्यांपैकी फार थोड्या धडपणे पाण्यात उतरल्या. अंधार पडत होता, समुद्र खवळलेला होता. बोट बुडताना वाचलेले कित्येक जण पुढे लाटांमध्ये आणि गारठ्याने दगावले. ‘पायोनियर’ या अमेरिकन सुरुंगशोधक जहाजाने सहाशेहून अधिक जणांना वर काढले, तरीही एकूण मृतांची संख्या १,१३८ वर गेली आणि त्यांत १,०१५ अमेरिकन सैनिक होते. शत्रूच्या हल्ल्यामुळे भर समुद्रात एका बोटीवर अमेरिकेचे इतके सैनिक दुसऱ्या कधीही मृत्युमुखी पडले नव्हते.

आपला नवा बॉम्ब किती प्रभावी ठरला हे जर्मनीला कळू नये, म्हणून हल्ल्याचा तपशील गुप्त ठेवण्यात आला. युद्ध चालू असेपर्यंत ही खबरदारी समजण्यासारखी होती. त्यानंतरही मृतांच्या नातेवाइकांना अनेक वर्षे पुरती माहिती मिळाली नाही, याचे समर्थन मात्र करता येत नाही. अमेरिकन काँग्रेसने या मृतांचा गौरव करणारा ठराव संमत केला तो २००० साली. बोटीवरच्या भारतीय खलाशांपैकीही बरेच जण बुडाले, पण या घटनेवरील लेखनात त्यांचा उल्लेख बहुधा एखाद्या आकड्यापुरताच येतो.

‘राजुला’नेही युद्धात सैन्य वाहिले, पण ती तगली आणि पुढे आपल्या जुन्या मार्गावर धावत राहिली. १९७३ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने तिला विकत घेऊन ‘रंगत’ हे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी ती मुंबईत मोडीत निघाली.