इन्फ्रारेड ब्लॅक अँड व्हाइट रोल : पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

इन्फ्रारेड फोटोत झाडे चुन्याने रंगवल्यासारखी पांढरी दिसतात आणि निळे आभाळ काळवंडते. हा उष्णतेचा फोटो नव्हे. डोळ्याला दिसणारा लाल जिथे संपतो, त्याच्या लगेच पलीकडचा उजेड हिरवे पान शोषून घेत नाही. पानाच्या आतल्या पेशी त्यातला बराचसा परत फेकतात. रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, म्हणून याला वुड इफेक्ट म्हणतात.

रोल आणि फिल्टरची जोडी

निम्मे रोल फुकट जातात ते इथेच. उजेडाच्या लहरीची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात, आकडा वाढेल तसे आपण लालच्या पलीकडे जातो. साध्या ब्लॅक अँड व्हाइट रोलला ६५० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंतच दिसते. त्यावर आर७२ हा इन्फ्रारेड फिल्टर लावला तर निगेटिव्ह कोरी निघते. इलफर्ड एसएफएक्स २०० ला साधारण ७४० पर्यंत दिसते, रोले इन्फ्रारेड ४०० ला ८२० पर्यंत. आर७२ फिल्टर ७२० च्या पुढचा उजेड आत सोडतो. म्हणजे एसएफएक्सला जेमतेम २० नॅनोमीटरची फट मिळते आणि रोलेला शंभराची. म्हणून पाने पांढरीशुभ्र हवी असतील तर रोले घ्या. एसएफएक्सवरही परिणाम येतो, पण सौम्य. डिजिटल कॅमेऱ्यासाठी मिळणारा ८५० चा फिल्टर या दोन्ही रोलवर चालत नाही, कितीही वेळ शटर उघडे ठेवले तरी. साध्या लाल २५ नंबरच्या फिल्टरने आभाळ गडद होते, पाने मात्र करडीच राहतात.

रोल भरताना

रोले इन्फ्रारेडची पट्टी पारदर्शक पॉलिएस्टरची आहे. बाहेर डोकावणाऱ्या टोकातून उजेड नळीतून गेल्यासारखा आत जातो आणि सुरुवातीच्या फ्रेम काळवंडतात. त्यामुळे हा रोल अंधाऱ्या खोलीत किंवा चेंजिंग बॅगेतच (हात आत घालून काम करायची उजेडबंद पिशवी) भरा आणि काढा. झाडाची सावली पुरत नाही. काळी डबी उघडायची तीही अंधारातच. एसएफएक्सला मंद उजेड चालतो. काही ऑटोमॅटिक कॅमेरे फ्रेम मोजायला आत इन्फ्रारेड दिवा वापरतात, त्याने फिल्मची कडा धुरकट होते. जुना हाताने फिरवायचा कॅमेरा या कामाला सगळ्यात बरा.

रोल फ्रिजमध्ये ठेवा. वापरायच्या आधी दोन-तीन तास डबी न उघडता बाहेर काढून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत थंड फिल्मवर लगेच दव धरते. मे महिन्यात गाडीत रोल विसरू नका.

फोटो घेताना

पाऊस सरला की, दसरा-दिवाळीच्या दिवसांत, बेळगाव-खानापूर भागात या कामाला याहून चांगली हवा नाही : पाने ताजी, आभाळ धुतलेले, ऊन कडक. ऊन तुमच्या पाठीमागून किंवा बाजूने पानांवर पडायला हवे. जूनच्या ढगाळ हवेत रोल घालवू नका. कॅम्पातली जुनी झाडे, निपाणी-चिकोडीकडचा उसाचा फड, राजहंसगडाचा दगडी तट आणि त्यामागचे आभाळ, हे सगळे पहिल्या रोलला योग्य विषय आहेत. साचलेले पाणी काळे दिसते, माणसाची त्वचा दुधाळ. काळे कापड पुष्कळदा फिकट येते, कारण बरेच रंग हा उजेड अडवत नाहीत.

आर७२ मधून डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. ट्रायपॉड लावा, चौकट ठरवा, फोकस करा, मगच फिल्टर चढवा. इन्फ्रारेडचा फोकस थोडा वेगळ्या जागी पडतो. जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल खूण किंवा लाल आर असतो. नेहमीच्या खुणेसमोर आलेले अंतर त्या लाल खुणेसमोर आणा. खूण नसेल तर लेन्सचे छिद्र एफ ११ वर ठेवा, एवढा फरक त्यात सामावतो.

उजेड मोजणाऱ्या मीटरला इन्फ्रारेड नीट मोजता येत नाही, म्हणून फिल्टरमधून मोजू नका. फिल्टर काढून, मीटरवर आयएसओ (फिल्मचा वेग) ६ ठेवून मोजा. भर उन्हात ते साधारण एफ ११ ला १/१५ सेकंद येते. रोलेसाठी प्रत्येक दृश्य १/३०, १/१५ आणि १/८ असे तीनदा घ्या. एसएफएक्ससाठी १/१५, १/८ आणि १/४. तीन फ्रेम खर्च झाल्याचे वाईट वाटते, पण तुमच्या कॅमेऱ्याचा आणि फिल्टरचा आकडा कळायला दुसरा मार्ग नाही. वाऱ्यात पाने हलली की १/८ ला ती पुसट होतात, तेवढे थांबा. प्रत्येक फ्रेमचे आकडे वहीत लिहा.

घरी रोल धुताना

लाल दिवा चालत नाही. तो कागदावर प्रिंट काढताना लावतात. फिल्म रिळावर गुंडाळून टँकमध्ये (धुण्याचा उजेडबंद डबा) जाऊन झाकण बसेपर्यंत पूर्ण अंधार हवा. रीळ कोरडे खडखडीत असू द्या, ओलसर रिळावर फिल्म मध्येच अडकते.

पुढचे माप एसएफएक्सच्या ३५ मिमी रोलचे आहे. रोलेचा वेळ वेगळा आहे, त्याच्या डब्यावरचा पाळा.

आयडी-११ या डेव्हलपरचे तयार द्रावण १५० मिली आणि पाणी १५० मिली, २० अंशांवर १७ मिनिटे. हे मिश्रण एकदाच वापरायचे. पहिल्या १० सेकंदांत टँक चार वेळा उलटा-सुलटा करा, मग टँक ओट्यावर हलकेच आपटा म्हणजे बुडबुडे सुटतात. त्यानंतर दर मिनिटाच्या सुरुवातीला तसेच चार वेळा. बुडबुडा चिकटून राहिला की तिथे डेव्हलपर लागत नाही आणि प्रिंटवर काळा ठिपका येतो.

उन्हाळ्यात नळाचे पाणी २० अंशांवर नसतेच. परातीत पाणी घेऊन त्यात बर्फाची बाटली ठेवा आणि सगळी द्रावणे त्यात थंड करा. २४ अंशांच्या खाली येत नसेल तर वेळ सुमारे १२ मिनिटांवर आणा. डेव्हलपर थंड आणि शेवटचे पाणी गरम, असे झाले तर फिल्मवरचा थर सुरकुततो.

मग डेव्हलपरचे काम थांबवणारा स्टॉप बाथ : इलफोस्टॉप १५ मिली, पाणी २८५ मिली, १० सेकंद. मग चित्र पक्के करणारा फिक्सर : रॅपिड फिक्सर ६० मिली, पाणी २४० मिली, ५ मिनिटे. निगेटिव्ह दुधाळ दिसली तर फिक्सर कमी पडला आहे, पुन्हा घाला. धुण्यासाठी टँक पाण्याने भरून ५ वेळा उलटा, पाणी बदलून १० वेळा, पुन्हा बदलून २० वेळा. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, वाळल्यावर पांढरे डाग राहतात. म्हणून शेवटी ३०० मिली डिस्टिल्ड पाण्यात दीड मिली इलफोटॉल (पाणी डाग न ठेवता निथळावे म्हणून घालायचे द्रावण) घालून त्यात बुडवा आणि न पुसता टांगा. पंखा लावू नका, धूळ बसते.

स्कॅन करताना धूळ काढणारी डिजिटल आइस सोय बंद ठेवा. ती इन्फ्रारेडने धूळ शोधते आणि या फिल्मवरच्या चांदीलाच धूळ समजून फोटो बिघडवते.

आमच्याकडे धुवायला देणार असाल तर

रोल काळ्या डबीतच आणा. डबीवर रोलचे नाव, वापरलेला फिल्टर आणि मोजलेला आयएसओ लिहा. वहीतल्या आकड्यांची नक्कलही द्या. त्या आकड्यांशेजारी निगेटिव्ह ठेवून कोणती फ्रेम बरोबर आली, ते रोल परत देताना खूण करून देतो.