उजेड पडेल तिथेच औषध

महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेत जिवाणू सुटे राहत नाहीत. स्वतःच स्रवलेल्या चिकट पदार्थात ते एकमेकांना धरून वस्ती करतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्यात दडलेल्या जिवाणूंना मारायला कधी कधी सुट्या जिवाणूंच्या हजारपट प्रतिजैविक लागतं, आणि तेवढी मात्रा शरीराला झेपत नाही. त्यात ते जिवाणू मुळातच औषधाला दाद देत नसतील तर डॉक्टरही हतबल होतात. 2019 या एका वर्षात औषधरोधी जिवाणूंनी जगभरात थेट 12 लाख 70 हजार बळी घेतल्याचा अंदाज आहे.

अशा ठिकाणी प्रकाश कामी येऊ शकतो. ही कल्पना तशी जुनी. म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी अ‍ॅक्रिडिन या रंगद्रव्याचा पॅरामेशियमवर होणारा परिणाम तपासत होता. द्रावण तेच, तरी ते सूक्ष्मजीव कधी लवकर मरत, कधी बराच वेळ तग धरत. फरक होता तो उजेडाचा! 1900 साली त्याने हे प्रसिद्ध केलं. पुढे प्रतिजैविकांच्या झगमगाटात ही वाट मागे पडली, याची मला खरोखर हळहळ वाटते.

रंगाचा रेणू प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून तयार होणारा ‘सिंग्लेट ऑक्सिजन’ भलताच आक्रमक, पण अल्पायुषी. पाण्यात तो जेमतेम साडेतीन मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे साडेतीन दशलक्षांश, टिकतो. तेवढ्यात तो सरकणार फार तर शे-दोनशे नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आणि जिवाणूची लांबीच हजार-दोन हजार नॅनोमीटर. म्हणजे जिवाणूला अगदी खेटून जन्मला, तरच त्याचा उपयोग. नॅनोकण, म्हणजे काही नॅनोमीटर ते शंभरेक नॅनोमीटर आकाराचे कण, हवेत ते यासाठी. जिवाणूच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो, म्हणून कणाला धन प्रभार दिला की तो तिथे जाऊन चिकटतो आणि रंगाचे रेणू नेमक्या जागी पोचवतो.

प्रतिजैविक बहुधा जिवाणूच्या एखाद्याच यंत्रणेवर नेम धरतं. ती यंत्रणा बदलली किंवा औषध पंपासारखं बाहेर फेकलं, की जिवाणू सुटतो. सिंग्लेट ऑक्सिजन मात्र पटलातली मेदद्रव्यं, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल ते जाळत सुटतो. त्यामुळे प्रतिरोध येणं अवघड. अशक्य मात्र म्हणू नये, कारण अशा माऱ्याविरुद्ध जिवाणूंकडेही विकरं असतात.

अंधारात बोटं टॉर्चवर दाबून धरा. कडा लालच दिसतील, कारण हिरवा-निळा प्रकाश रक्तातच अडकतो. लालच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश आणखी आत जातो. सोन्याचे गोल नॅनोकण हिरवा प्रकाश शोषतात. तेच सोनं नॅनोकांडीच्या आकारात घडवलं, की ते अवरक्त प्रकाश शोषून तापतं आणि भोवतालच्या जिवाणूंना भाजून काढतं.

कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये क्वांटम डॉट हे प्रकाश शोषणारे अर्धवाहकाचे नॅनोकण वापरून प्रयोगशाळेत 92 टक्के औषधरोधी जिवाणू मारले. त्या कणांत कॅडमियम होतं, आणि हा धातू विषारी. सोनं तसं नाही, पण तेही यकृतात दीर्घकाळ साचून राहू शकतं. शिवाय प्रकाश ऊतींमध्ये काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर शिरतो. रक्तात पसरलेल्या संसर्गाला तो पुरा पडणार नाही. जखम, तोंड, नाक ही त्याची ठिकाणं. व्हँकुव्हरच्या एका रुग्णालयात 2011 पासून शस्त्रक्रियेआधी रुग्णांच्या नाकपुड्यांत मिथिलीन ब्लू हा निळा रंग लावून लाल प्रकाश सोडतात. काही मिनिटांचंच काम. तिथे अजून साधा रंगच आहे, नॅनोकण नाहीत.