एका आजाराला एक दर: रुग्णालयांच्या देयकांमागचे समीकरण

1983 पर्यंत अमेरिकेतील मेडिकेअर ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची सरकारी विमा योजना रुग्णालयांना झालेला खर्च मागाहून भरून देत असे. रुग्ण जितके दिवस राहील आणि जितक्या तपासण्या होतील, तितकी रक्कम वाढत जाई. काटकसर करणाऱ्या रुग्णालयाचे उत्पन्न मात्र घटत असे. 20 एप्रिल 1983 रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने ही रीत बदलली. त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने अशी व्यवस्था आली की दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णामागे, त्याचा आजार ज्या गटात मोडतो त्या गटासाठी आधीच ठरवलेली एकरकमी रक्कम रुग्णालयाला मिळेल. उपचाराला त्याहून कमी खर्च आला तर उरलेले पैसे रुग्णालयाचे आणि जास्त आला तर तोटाही त्याचाच.

ही कल्पना ऐकायला सोपी वाटते, पण ती रक्कम नेमकी किती असावी, हे ठरवणे फार अवघड आहे. आजाराचे नाव तेच असले तरी दोन रुग्ण सारखे नसतात आणि दोन रुग्णालयेही सारखी नसतात. या असमानतेतून दर काढण्यासाठी जे गणिती साधन वापरले जाते, ते म्हणजे रिग्रेशन ॲनालिसिस, अर्थात समाश्रयण विश्लेषण.

त्याआधी रुग्णांचे गट पाडण्याचे काम व्हावे लागले. ते येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन या दोघांनी केले. फेटर हे व्यवस्थापनशास्त्र आणि उत्पादनप्रक्रियांचे अभ्यासक होते, तर थॉम्पसन मूळचे प्रशिक्षित परिचारक होते आणि पुढे रुग्णालय प्रशासनाचे प्राध्यापक झाले. कारखान्यातून किती आणि कोणता माल बाहेर पडला हे सांगता येते. रुग्णालयातून काय ‘बाहेर पडते’ हे तसे सांगता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी हजारो रुग्णांच्या नोंदी घेतल्या आणि निदान, शस्त्रक्रिया, वय अशा माहितीवरून गट पाडत नेले. एका गटातील रुग्णांच्या मुक्कामाच्या दिवसांत शक्य तितका कमी फरक उरावा आणि तो गट डॉक्टरांनाही वैद्यकीयदृष्ट्या अर्थपूर्ण वाटावा, अशा दोन कसोट्या होत्या. न्यू जर्सी राज्याने 1980 मध्ये या गटांवर आधारित दर लागू केले आणि मेडिकेअरने सुरुवात केली तेव्हा असे 467 गट होते. त्यांना ‘डायग्नोसिस रिलेटेड ग्रुप’, संक्षेपाने डीआरजी, म्हणतात.

आता गट पडले, पण एका गटातही खर्च कमीजास्त होतोच. समजा, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेच्या काही हजार रुग्णांचा खर्च आपल्यासमोर आहे. कागदावर प्रत्येक रुग्णासाठी एक ठिपका काढला, आडव्या अक्षावर वय आणि उभ्या अक्षावर खर्च मांडला, तर ठिपक्यांचा विस्कळीत थवा दिसेल. या थव्यामधून अशी रेषा काढायची की सर्व ठिपक्यांच्या तिच्यापासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी यावी. या रेषेचा चढ म्हणजे वयाचा गुणांक: वय एका वर्षाने वाढले की खर्च सरासरी किती रुपयांनी वाढतो, हे तो सांगतो. रिग्रेशनची खरी ताकद मात्र अनेक घटक एकाच समीकरणात घेण्यात आहे. वय, मधुमेह, शहरातील वेतनमान आणि रुग्णालयात चालणारे वैद्यकीय शिक्षण हे सगळे एकत्र घेतले की प्रत्येक घटकाचा वेगळा वाटा काढता येतो, म्हणजे इतर घटक सारखे असताना केवळ मधुमेहामुळे खर्चात किती भर पडते, हे कळते.

इथे एक प्रश्न उभा राहतो आणि माझ्या मते तोच या विषयाचा गाभा आहे. खर्चातील फरक सर्वांत चांगला कशाने समजतो, असे कोणत्याही सांख्यिकीतज्ज्ञाला विचारले तर उत्तर बहुधा ‘मुक्कामाचे दिवस’ असे येईल. ते समीकरणात घेतले की अंदाज लगेच अचूक होतात. तरीही दर ठरवताना दिवस घेऊन चालत नाही, कारण तसे केले तर जास्त दिवस ठेवणाऱ्याला जास्त पैसे मिळतील आणि ज्या रीतीला कंटाळून नवी व्यवस्था आणली तीच मागच्या दाराने परत येईल. एकरकमी दराच्या समीकरणात अंदाजाची अचूकता ही एकमेव कसोटी असू शकत नाही. रुग्णाचे वय, सहव्याधी (मुख्य आजारासोबत असलेले इतर आजार), गावातील मजुरीचे दर यांवर रुग्णालयाचा ताबा नसतो, म्हणून त्यांची भरपाई द्यायची. तपासण्यांची संख्या, मुक्काम, वाया जाणारे साहित्य हे त्याच्या हातात असते, म्हणून त्यांची भरपाई द्यायची नाही. अर्थशास्त्रज्ञ अँड्रेई श्लायफर यांनी 1985 मध्ये हा विचार काटेकोरपणे मांडला. प्रत्येक संस्थेला तिच्या स्वतःच्या खर्चावरून नव्हे, तर तिच्यासारख्या इतर संस्थांच्या खर्चावरून दर द्यावा आणि ‘तिच्यासारख्या’ म्हणजे कोणत्या, हे रिग्रेशनने ठरवावे, असा त्याचा आशय होता. मेडिकेअरची नवी पद्धत हे त्यांचे प्रमुख उदाहरण होते.

पण कोणता घटक रुग्णालयाच्या हातात आहे आणि कोणता नाही, हे समीकरण सांगत नाही. ते माणसांना ठरवावे लागते. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांची गोष्ट त्यासाठी फार बोलकी आहे. निवासी डॉक्टर जिथे शिकतात तिथे उपचार महाग पडतात, हे सर्वांना ठाऊक होते. किती महाग, हे पाहण्यासाठी रिग्रेशन केले गेले. खाटांच्या तुलनेत निवासी डॉक्टरांचे प्रमाण 0.1 ने वाढले की प्रतिरुग्ण खर्च सुमारे 5.8 टक्क्यांनी वाढतो, असे उत्तर आले. 1983 च्या कायद्यात मात्र अमेरिकी काँग्रेसने हा आकडा दुप्पट करून 11.59 टक्के ठेवला. अंदाजे हिशेब केल्यावर बहुतेक शिक्षण-रुग्णालयांना नव्या पद्धतीत मोठा तोटा होईल असे दिसत होते. शिवाय एकाच गटातील अधिक गंभीर रुग्ण याच रुग्णालयांकडे जातात आणि डीआरजीला ते गांभीर्य पुरते टिपता येत नाही, अशी शंका संसदीय समित्यांनी उघडपणे नोंदवली होती. शिक्षणासाठी म्हणून दिलेला हा गुणांक प्रत्यक्षात गांभीर्याची भरपाई करत होता. पुढे तो टप्प्याटप्प्याने 7.7 टक्क्यांवर आणला गेला आणि आज सुमारे 5.5 टक्के आहे.

संख्याशास्त्रात या अडचणीला नाव आहे: वगळलेल्या चलाचा दोष. जो घटक आपण मोजला नाही, त्याचा परिणाम नाहीसा होत नाही. तो मोजलेल्या घटकांच्या गुणांकात जाऊन बसतो. रुग्णाच्या आजाराची तीव्रता नोंदवलीच नसेल, तर तीव्र रुग्ण जिथे जमतात त्या मोठ्या शहरांचे, मोठ्या रुग्णालयांचे आणि शिक्षणसंस्थांचे गुणांक फुगतात. अशा फुगलेल्या गुणांकावर दर ठरवला, तर जे शिक्षण-रुग्णालय गंभीर रुग्ण घेत नाही त्यालाही पैसे मिळतात आणि जे छोटे रुग्णालय धाडसाने असे रुग्ण घेते त्याच्या हाती काहीच लागत नाही. मेडिकेअरने 2007 मध्ये गटांची फेरमांडणी करून सहव्याधी व गुंतागुंतीच्या तीव्रतेनुसार 745 गट केले, ते याच दिशेने टाकलेले पाऊल होते.

आणखी एक अडचण तांत्रिक आहे, पण तिचा परिणाम थेट पैशांत दिसतो. रुग्णालयातील खर्चाचे आकडे एकसारखे पसरलेले नसतात. बहुतेक रुग्णांचा खर्च थोडा असतो आणि मोजक्यांचा प्रचंड. अशा वेळी रुपयांऐवजी रुपयांचा लॉगरिदम, म्हणजे मोठ्या आकड्यांना तुलनेने जास्त आक्रसणारे गणिती रूप, घेऊन रिग्रेशन करण्याची पद्धत आहे, कारण त्यामुळे चार-दोन अतिखर्चिक रुग्ण संपूर्ण रेषा स्वतःकडे ओढत नाहीत. मात्र लॉगरिदमवरून पुन्हा रुपयांवर येताना चूक होण्याची शक्यता असते. तीन रुग्णांचा खर्च 20,000, 40,000 आणि 80,000 रुपये आहे असे धरा. लॉगरिदमची सरासरी काढून ती साधेपणाने उलटवली तर उत्तर 40,000 येते. प्रत्यक्ष सरासरी 46,667 आहे. 40,000 चा दर लावला तर रुग्णालय प्रत्येक रुग्णामागे सरासरी 6,667 रुपये गमावते आणि गमावलेले पैसे नेमके सर्वांत आजारी रुग्णावर झालेले असतात. नाइहुआ दुआन या संख्याशास्त्रज्ञाने 1983 मध्येच यावर उपाय सुचवला होता: समीकरणात न बसलेले अवशिष्ट फरक लॉगरिदमवरून परत फिरवून त्यांची सरासरी काढायची आणि त्या प्रमाणात अंदाज वर उचलायचा. दुरुस्ती छोटी आहे, पण ती विसरली तर हजारो रुग्णांच्या दरांत एकाच दिशेने चूक साचत जाते.

दर एकदा लागू झाला की तो स्वतःच पुढील आकडेवारी घडवू लागतो. सुरुवातीच्या कित्येक गटांच्या जोड्या होत्या: एक गट ‘गुंतागुंत असलेले किंवा वय 69 पेक्षा जास्त’ असलेल्या रुग्णांचा आणि दुसरा बाकीच्यांचा. आकडेवारी तपासल्यावर लक्षात आले की नुसत्या वयाने खर्चाचा फारसा उलगडा होत नाही, म्हणून 1988 च्या आर्थिक वर्षापासून वयाची अट काढून टाकली. गणिताच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे वरच्या गटात फक्त खरोखर गुंतागुंत असलेले रुग्ण उरले, त्या गटाचा सरासरी खर्च आणि म्हणून दर वाढला आणि दोन गटांमधील अंतर रुंदावले. अर्थशास्त्रज्ञ लीमोर डॅफनी यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की ज्या जोड्यांत हे अंतर जास्त वाढले, तिथे रुग्णांची नोंद वरच्या गटात करण्याचे प्रमाणही जास्त वाढले. रुग्णांना त्या प्रमाणात अधिक उपचार मिळाल्याचा पुरावा मात्र फारसा आढळला नाही. अशा नोंदी पुढच्या वर्षीच्या समीकरणात गेल्या की वरच्या गटात सौम्य रुग्ण मिसळतात आणि समीकरण वास्तवापासून आणखी दूर सरकते.

रुग्णांचे काय झाले, हे याहून महत्त्वाचे. अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पाच आजारांच्या मेडिकेअर रुग्णांची नव्या पद्धतीआधीची आणि नंतरची कागदपत्रे तपासली आणि 1990 मध्ये निष्कर्ष मांडले. मुक्काम सुमारे 24 टक्क्यांनी कमी झाला होता आणि मृत्यूंचे प्रमाण वाढले नव्हते. पण प्रकृती स्थिर नसताना रुग्णालयातून सोडलेल्या रुग्णांचे प्रमाण 15 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर गेले होते. तीन टक्के हा आकडा छोटा वाटतो. ज्या घरात ताप न उतरलेली आजी परत आली, त्या घराला तो छोटा नसतो.

जर्मनीने 2003 मध्ये ऐच्छिक आणि 2004 पासून सक्तीने असे एकरकमी दर आणले. दर मोजण्याचे काम झीगबुर्ग येथील एक स्वतंत्र संस्था निवडक रुग्णालयांच्या प्रत्यक्ष खर्चावरून दरवर्षी करते. तिथे वेगळा धडा मिळाला. परिचारिकांचा पगारही एकरकमी दरातच असल्याने, परिचारिका कमी ठेवल्या की पैसे उरत. सगळ्यांनीच त्या कमी ठेवल्या तर सरासरी खर्च उतरतो आणि पुढच्या वर्षीचा दरही. अखेर 2020 पासून खाटेजवळच्या शुश्रूषेचा खर्च या दरातून बाहेर काढून वेगळा द्यावा लागला. सरासरी ही सध्याच्या वागणुकीची असते, योग्य वागणुकीची नव्हे, ही गोष्ट तिथे अनेक वर्षांच्या ओढाताणीनंतर मान्य झाली.

आपल्याकडे एकरकमी दर ‘पॅकेज’ या नावाने परिचित आहेत. महाराष्ट्रात 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 972 उपचारांसह सुरू झाली, 2013 मध्ये ती राज्यभर गेली आणि 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झालेली केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजनाही पॅकेजवरच चालते. खर्चाची प्रत्यक्ष मोजणी व्हावी म्हणून चंदीगडच्या पीजीआयएमईआर या वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली अनेक राज्यांतील रुग्णालयांत खर्चाचा अभ्यास केला गेला आणि त्यातील आकडे दरसुधारणेत वापरले गेले. 2022 च्या सुधारित पॅकेजांत शहराच्या प्रकारानुसार आणि उपचाराच्या स्तरानुसार वेगवेगळे दर पहिल्यांदाच आले. रुग्णालयाच्या हातात नसलेल्या घटकांची भरपाई करण्याची ही सुरुवात आहे. त्याच वेळी केंद्राची ही योजना राबवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने डीआरजी पद्धतीच्या प्रायोगिक चाचणीसाठी जी पाच राज्ये निवडली, त्यांत महाराष्ट्रही आहे.

या चाचणीचे भवितव्य समीकरणापेक्षा डिस्चार्ज कार्डावर अधिक अवलंबून राहील, असे मला वाटते. शस्त्रक्रियेच्या पॅकेजचा दर रुग्णाच्या सहव्याधींनुसार सहसा बदलत नाही, त्यामुळे त्या काटेकोरपणे नोंदवण्याची निकड अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, रुग्णालयाला वाटत नाही. मांडीचे हाड मोडून दाखल झालेल्या सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याला मधुमेह आहे, मूत्रपिंडे निम्मीच काम करतात आणि जखम भरायला तीन आठवडे लागले, ही माहिती वॉर्डातील परिचारिकेच्या वहीत असते, पण योजनेकडे जाणाऱ्या दाव्यात एका शस्त्रक्रियेचा एक सांकेतांक जातो. समीकरण मांडणाऱ्याच्या संगणकावर तो शेतकरी आणि घसरून पडलेला तिशीतला धडधाकट तरुण यांच्या नोंदींत मग वयाखेरीज काहीच फरक दिसत नाही.