हिमबिबट्या

मध्य आणि दक्षिण आशियातील उंच पर्वतरांगांत राहणारा मार्जार कुळातील प्राणी. शास्त्रीय नाव पँथेरा अन्शिया. लडाखीत त्याला ‘शान’ म्हणतात. नावात बिबट्या असला तरी जनुकीयदृष्ट्या हा वाघाचा जवळचा भाऊबंद आहे. उसात पिल्ले घालणाऱ्या आपल्याकडच्या बिबट्याशी त्याचे नाते त्याहून लांबचे. डरकाळी मात्र त्याला फोडता येत नाही.

वजन साधारण 25 ते 50 किलो, पण शेपूट जवळजवळ एक मीटर. कड्यावरून झेप घेताना तोल सांभाळते ती शेपूट, आणि झोपताना नाकातोंडावर ओढून घेतली की पांघरूणही तीच. पंजांच्या तळव्यांवरही केस असतात. भरल (निळी मेंढी) आणि आयबेक्स (रानबकरा) हे त्याचे मुख्य भक्ष्य. उन्हाळ्यात मार्मोट (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) हाही चालतो. एक मोठी शिकार साधारण आठ-दहा दिवस पुरते. पुढे झुकलेल्या खडकाखाली तो मूत्राची पिचकारी मारतो आणि मागच्या पायांनी जमीन उकरून खूण ठेवतो. कॅमेरे लावायला अभ्यासक अशाच जागा शोधतात. जानेवारी ते मार्च हा मीलनकाळ. सुमारे शंभर दिवसांनी बहुधा दोन-तीन पिल्ले होतात आणि ती दीड वर्षाहून अधिक काळ आईबरोबर हिंडतात.

हा प्राणी बारा देशांत आढळतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2017 मध्ये त्याला ‘संकटग्रस्त’ गटातून एक पायरी खाली, कमी धोक्याच्या ‘असुरक्षित’ गटात आणले. त्यावर काही तज्ज्ञांनी हरकत घेतली होती. भारतात 2019 ते 2023 या काळात झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेनुसार 718 हिमबिबटे आहेत. त्यांपैकी 477 एकट्या लडाखमध्ये.

त्याच्या जगण्यामरण्याचा प्रश्न बऱ्याचदा मेंढवाड्यात सुटतो. जुने वाडे दगडी भिंतींचे आणि वरून उघडे. आत उडी पडली की कोंडलेली जनावरे सैरावैरा धावतात आणि धावते ते तो मारत सुटतो. एका रात्रीत दहा-वीस मेंढ्या गेल्या की कुटुंबाची वर्षाची कमाई गेली. सकाळी तो आतच सापडला, तर सूड ठरलेलाच. यावरचा तोडगा अगदी साधा निघाला: वाड्यावर लाकडी वासे टाकून तारेची जाळी ताणायची आणि दार घट्ट बसवायचे. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यातल्या किब्बर गावात पशुधनाचा गावपातळीवरील विमा सुरू झाला. लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातील रुंबकसारख्या गावांत पर्यटक घरोघरी उतरू लागले. ज्याला दगड मारायचे तोच पाहायला पाहुणे येतात म्हटल्यावर हिशेबच बदलला.

कातडी आणि हाडांसाठीची चोरटी शिकार हा जुना धोका. पश्मिना लोकरीच्या मागणीमुळे शेळ्यांचे कळप वाढले आणि भरलांच्या वाट्याचे गवत कमी झाले, हे मात्र दूरच्या गिऱ्हाइकाला दिसत नाही. अलीकडे लडाख आणि स्पितीत मोकाट कुत्र्यांच्या टोळ्याही वाढल्या आहेत. त्या भरलांचा पाठलाग करतात आणि कधी हिमबिबट्याला त्याच्या शिकारीवरून हुसकावून लावतात.