गॅस गीझर फुल्लवर ठेवला की गॅस वाचतो? नाही हो!

आमच्या सोसायटीत हे सगळेच सांगतात, गीझर फुल्लवर टाका, बादलीत कडक पाणी घ्या आणि वरून गार मिसळा, गॅस कमी जातो म्हणे. साफ चूक. २० लिटरची बादली २० अंशावरून ४२ वर न्यायला साधारण ४४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे अंदाजे ५० ग्रॅम गॅस, मग तुम्ही सगळं पाणी ४२ ला काढा नाहीतर थोडं ६५ ला काढून गार मिसळा, हिशोब तोच. उलट कडक पाणी पाइपातून येताना जास्त उष्णता वाया घालवतं आणि बोअरचं जड पाणी असेल तर आतल्या नळीत क्षार पण लवकर धरतात.

खरा प्रॉब्लेम भाजण्याचा आहे. ६० अंशाचं पाणी ५ सेकंदांत मोठ्या माणसाची कातडी गंभीर भाजू शकतं, ४९ ला त्याच गोष्टीला काही मिनिटं लागतात, लहान पोरं आणि म्हाताऱ्यांना तेवढाही वेळ मिळत नाही. माझ्या भाच्याने वाफाळत्या बादलीत सरळ हात घातला होता, नशीब लगेच ओढला.

डिस्प्ले असेल तर ४२ च्या आसपास ठेवा. नुसते नॉब असतील तर गॅसचा कमी करा, पाण्याचा वाढवा, उन्हाळ्यात समर मोड (आच कमी ठेवणारी सेटिंग) लावा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. आणि गीझर बाथरूममध्येच असेल तर खिडकी उघडी पाहिजेच, गॅस जळताना निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.