सोलापुरात दोन सीटचं हलकं विमान बनवायचंय? कोण पात्र, कुठं अर्ज, कोणते कागद

पॉलिटेक्निकची पोरं असोत नाहीतर अक्कलकोट रोड एमआयडीसीतले फॅब्रिकेशनवाले, प्रश्न एकच असतो, विमान बनवलं तर पास कोण करतं ओ, आरटीओसारखं काही आहे का. आहे की. डीजीसीए, म्हणजे केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. मुख्यालय दिल्लीत, आपल्याला जवळचं ऑफिस मुंबईत, अर्ज सगळे ईजीसीए पोर्टलवर ऑनलाइन आणि फी भारतकोश या सरकारी पेमेंटच्या वेबसाइटवरून. होटगी रोडच्या विमानतळावर फाइल घेऊन गेलात तर गेटवरूनच परत येणार.

सगळ्यात आधी वजन बघा, कारण कुठला नियम लागणार ते वजनावर ठरतं. उडताना माणसं-पेट्रोल धरून एकूण ४५० किलोच्या आत, एक किंवा दोन सीट, आणि स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान धरून ठेवू शकत नाहीत तो वेग, ताशी ८० किलोमीटरच्या वर नाही, असं असेल तर ते मायक्रोलाइट. ४५० च्या वर ६०० पर्यंत गेलं की लाइट स्पोर्ट. आता ४५० ऐकायला भरपूर वाटतं पण हिशोब करून बघा, रिकामं विमान २७० किलो धरलं, ५० लिटर पेट्रोलचे ३६ किलो, राहिले १४४, म्हणजे दोघं बसणारे ७२-७२ किलोचे पाहिजेत आणि बॅग घरी ठेवायची. डिझाइन करताना जाड पत्रा, मोठी टाकी, भारी सीट असं करत करत रिकामं वजनच ३०० झालं की दुसरी सीट फक्त नावाला उरते. म्हणून वजनाचा तक्ता पहिल्या दिवसापासून लिहायचा, शेवटी तोच अर्जाला जोडावा लागतो आणि विमान खरोखर काट्यावर चढवून तपासतात.

त्यात आपलं ऊन. सोलापूर समुद्रसपाटीपासून दीडेक हजार फुटांवर, मे महिन्यात दुपारी ४२ डिग्री असताना इथली हवा इतकी पातळ होते की विमान जवळपास ५००० फुटांवर असल्यासारखं वागतं, धावपट्टी जास्त खातं आणि हळू चढतं. परफॉर्मन्सचे आकडे देताना हे धरा, परदेशी किटच्या (म्हणजे जोडून विमान बनवायच्या तयार भागांच्या संचाच्या) ब्रोशरमधले थंड हवेचे आकडे उतरवून देऊ नका.

अर्ज कोण करू शकतं, तर भारतीय नागरिक किंवा इथं नोंदलेली कंपनी. पुढं रस्ता दोन प्रकारचा. तयार किट आणलं तर त्या देशात ते डिझाइन मान्य आहे याची कागदं, बिल, कस्टमची बिल ऑफ एंट्री (माल आयात केल्याचा कागद), इंजिन-प्रोपेलरचे सर्टिफिकेट. स्वतःचं डिझाइन असेल तर काम मोठं, ड्रॉइंग, पंखांवर किती भार येतो त्याचं गणित, मटेरियलचे टेस्ट रिपोर्ट, स्ट्रक्चरच्या चाचण्या, हे सगळं सीएआर-२१ नावाच्या नियमांत बसवायचं. विकायला बनवायचं असेल तर टाइप सर्टिफिकेटशिवाय, म्हणजे त्या डिझाइनलाच मिळणाऱ्या मान्यतेशिवाय, चालत नाही.

इथं बहुतेक जण उलटं करतात, आधी विमान पूर्ण बनवतात आणि मग अर्ज करतात. बाबांनो, पंखावर पत्रा चढवून रिव्हेट मारल्यावर आतला स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य दांडा, इन्स्पेक्टरला दिसणार कसा? आधी अर्ज, मग बांधणी, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो, तारीख, कुठला बोल्ट कुठल्या बिलातला हे वहीत.

नोंदणीचा फॉर्म सीए-२८. सोबत मालकीचा पुरावा, ओळख-पत्त्याची कागदं, कर्ज असेल तर बँकेचं पत्र. मंजूर झालं की व्हीटी आणि पुढं तीन अक्षरं असा नंबर मिळतो, तो रंगवायचा आणि न जळणाऱ्या धातूच्या पट्टीवर कोरून दाराजवळ पक्का बसवायचा. पण नंबर मिळाला म्हणजे उडायची परवानगी मिळाली असं नाही हां. चाचणीसाठी वेगळं परमिट, त्यात अटी, आणि प्रवासी बसवायचा नाही. पायलट अमोल यादवांनी मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बनवलं, त्याची नोंदणी २०१७ ला झाली आणि चाचणी २०२० ला, धुळ्यात. यावरून किती दम धरावा लागतो ते समजून घ्या.

चालवणाऱ्याचं लायसन्स वेगळंच. स्टुडंट लायसन्सला वय १६, प्रायव्हेट पायलटला १७, दहावी पास आणि डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल. सोलापूरकरांना शिकायला बारामती आहे.

शिवाय विमा, रेडिओ बसवला तर त्याचं लायसन्स, आणि सुरक्षेची मंजुरी, कारण अशी छोटी विमानं हवाई दलाच्या आणि गृह खात्याच्या नजरेत असतात, ती मंजुरी यायला वेळ लागतो म्हणून तो अर्ज लवकर टाका. उडवणार कुठून हेही आधी ठरवा. विमानांना अडसर ठरणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी २०२३ ला पाडली, २०२५ पासून गोव्याची फ्लाइट सुरू झाली, म्हणजे होटगी रोडला आता प्रवासी विमानं असतात, तिथं नवीन विमानाची पहिली चाचणी मागण्यापेक्षा कमी वर्दळीची धावपट्टी बघा आणि तिच्या मालकाचं लेखी संमतीपत्र फाइलला लावा. फॉर्म भरायच्या दिवशी पोर्टलवरूनच ताजा डाउनलोड करा, कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलेली जुनी पीडीएफ नको.