आयुष्मान कार्ड: दवाखान्याची वेळ येण्याआधी काढून ठेवा

रुग्ण आयसीयूत आणि घरचे लोक रेशनकार्डाची दुरुस्ती करायला तहसील कार्यालयात, ही धावपळ अजूनही होते. ती टाळता येते. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर सरकारी योजनेतून मोफत उपचार मिळवून देणारं आयुष्मान कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल हातात असेल तर, घरबसल्या निघतं, तेही मोफत. घरात सगळे धडधाकट असतानाच हे काम उरकून घ्या. आणि कार्ड माणशी एक असतं. बाबांचं काढलं म्हणजे आईचंही झालं, असं होत नाही.

आधी योजना कुणाची, ते समजून घेऊ, कारण पुढे तक्रार कुठे करायची हे त्यावरच ठरतं. सार्वजनिक आरोग्य हा घटनेनुसार राज्यांचा विषय. हे कार्ड ज्या योजनेचं आहे, ती २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना मात्र केंद्र आणि राज्य मिळून चालवतात. खर्चातला ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी हेच प्रमाण ९०:१०. देशपातळीवर राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण काम पाहतं. महाराष्ट्रात ती जबाबदारी राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे आहे, आणि इथे ही योजना राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेली आहे. दोन्हींत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ही रक्कम सगळ्या कुटुंबाची मिळून असते.

पात्रता. केंद्राच्या योजनेत मुख्यतः २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेतली कुटुंबं येतात. त्या यादीत नाव नाही म्हणून महाराष्ट्रात परत फिरू नका. २०२३ मध्ये राज्याने आपली योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करायचं ठरवलं, त्यामुळे पिवळी, केशरी आणि शुभ्र अशी सगळी रेशनकार्डं चालतात. रेशनकार्डच नसेल तर अधिवास प्रमाणपत्र लागतं.

७० वर्षं पूर्ण झालेल्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अटच नाही. पेन्शन असो, स्वतःचा फ्लॅट असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वय आधारवरच्या जन्मतारखेवरून धरतात. कुटुंब आधीच योजनेत असेल तर घरातल्या या ज्येष्ठांसाठी वेगळे ५ लाख मिळतात. आजी-आजोबा दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ते दोघांत मिळून. खासगी विमा किंवा ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) असलं तरी अडत नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेत असलेल्यांना मात्र दोनपैकी एकाची निवड करावी लागते.

कागदपत्रं थोडीच लागतात: आधार, रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आणि मोबाइल. आयुष्मान अ‍ॅपवर किंवा राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या लाभार्थी पोर्टलवर ओटीपीने लॉगिन करा, राज्य आणि जिल्हा निवडा, नाव शोधा. मग ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, आणि जागेवरच काढलेला फोटो. खरी अडचण इथे येते. आधारवर ‘सुमन’ आणि रेशनकार्डावर ‘सुमनबाई’ असेल, किंवा सुनेचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर असेल, तर नोंदी जुळत नाहीत आणि अर्ज तपासणीसाठी राज्याकडे जातो. तिथे वेळ जातो. म्हणून आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून नाव, जन्मवर्ष नीट पाहा. म्हाताऱ्या माणसांचे बोटांचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत. तेव्हा ओटीपी किंवा चेहऱ्याची ओळख हा पर्याय मागा. फोनवर जमत नसेल तर आशाताईंना किंवा आपले सरकार सेवा केंद्रात विचारा.

रुग्णालयात गेल्यावर पहिल्यांदा आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल गाठा. रुग्णालय योजनेशी संलग्न आहे का, आणि तुमचा आजार ज्या विभागात येतो तो तिथे योजनेत आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. तपासणीनंतर रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं; तातडीच्या वेळी ती फोनवरूनही घेता येते. मंजूर पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया आणि जेवण धरलेलं असतं. केंद्राच्या योजनेत दाखल होण्याआधीचे ३ आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवसही येतात. जुना मधुमेह किंवा हृदयविकार आहे म्हणून नकार देता येत नाही. दाखल न होता नुसती ओपीडीत घेतलेली औषधं मात्र यात बसत नाहीत.

मंजुरीनंतर ‘इम्प्लांटचे वरचे पैसे भरा’ किंवा ‘डिपॉझिट ठेवा’ असं कुणी म्हणालं तर देऊ नका. द्यावेच लागले तर पावती घ्या, कारण पावतीशिवाय तक्रार टिकणं फार अवघड जातं. १४५५५ किंवा राज्याच्या १५५३८८ या क्रमांकावर फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या. डॉक्टरांच्या हलगर्जीपणाची तक्रार इथे चालत नाही, ती महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जाते. दरपत्रक किंवा रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली नसेल, तर रुग्णालयाची नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी करणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे जायचं. शहरात ती महापालिका असते.